वाद्याचे तोंड : निवड, सफाई आणि दुरुस्ती

लग्नाची वरात असो, गणपतीचे विसर्जन असो, की शिमग्याची पालखी असो, वाजंत्री नसेल तर शोभा नाही. आमच्या मंडणगड तालुक्यात खालूबाजा आहे. त्यात सनई आहे, ढोल आहे, टिमकी आहे. त्याच्या जोडीला आता बॅण्डही आला आहे. बॅण्डमध्ये गाण्याची चाल धरणारी दोन वाद्ये पुष्कळ ठिकाणी दिसतात. एक क्लॅरिनेट, त्याला कोणी क्लॅरोनेट म्हणतात. दुसरे सॅक्सोफोन. या दोन वाद्यांवर कित्येक घरांची चूल पेटते. आजच्या धड्यात आपण या वाद्यांच्या तोंडाची माहिती घेऊ. तोंड म्हणजे जो भाग आपण ओठात धरतो तो. बाजारात त्याला माउथपीस म्हणतात.

ही वाद्ये आली कोठून?

जर्मनी देशात न्युरेंबर्ग नावाचे शहर आहे. तेथे डेनर नावाचा एक वाद्ये करणारा कारागीर होता. त्याने सुमारे 1700 साली क्लॅरिनेट तयार केले. सॅक्सोफोन पुष्कळ उशिरा आला. अडॉल्फ साक्स हा बेल्जम देशाचा कारागीर. त्याचा जन्म 1814 सालचा. त्याने 1846 साली पॅरिसमध्ये आपल्या वाद्याचा हक्क सरकारदरबारी नोंदवून घेतला. त्याचेच नाव वाद्याला पडले.

गोऱ्या पलटणींच्या बॅण्डबरोबर असली वाद्ये आपल्या देशात आली. पण ती परकी राहिली नाहीत. कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर दक्षिणेचे शास्त्रीय संगीत वाजवून दाखवले. त्यांना 2004 साली पद्मश्री मिळाली. 2019 साली ते वारले. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी सिनेमाच्या कितीतरी गाण्यांतून घरोघर पोचला. मीरत शहरात तर बॅण्डची वाद्ये तयार होतात. तेव्हा ही वाद्ये आता आपलीच झाली आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

आवाज कोठे तयार होतो?

पुष्कळांना वाटते की आवाज नळीतून निघतो. नळी आवाजाला मोठेपणा देते, सूर देते, हे खरे. पण आवाजाचा जन्म होतो तो तोंडाशी. माउथपीसच्या खालच्या अंगाला एक सपाट पाट असतो. त्या पाटावर पत्ती बांधलेली असते. पत्तीलाच रीड म्हणतात. पाटाच्या पुढे माउथपीसच्या दोन्ही कडा किंचित वर वळत जातात. म्हणून टोकाशी पत्ती आणि माउथपीस यांच्यात बारीक फट राहते. आपण फुंकर घातली की पत्ती थरथरते. फट उघडते, मिटते, उघडते, मिटते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते. त्यातून सूर निघतो.

पत्ती कशाची असते? ती एका उंच वाढणाऱ्या गवताची असते. या गवताची कांडी बोरूसारखी पोकळ असते. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला व्हार नावाचा प्रांत आहे. तेथले गवत या कामाला नावाजलेले आहे. आपल्या वाडवडिलांनी बोरूची लेखणी करून अक्षरे गिरवली. त्याच तऱ्हेच्या कांडीची पत्ती कापून लोक सूर काढतात. गवताची एक कांडी, पण तिच्यात विद्या किती!

माउथपीस कशाचा असतो? चांगला माउथपीस बहुधा एबोनाइटचा असतो. एबोनाइट म्हणजे कठीण रबर. रबरात पुष्कळ गंधक घालून ते तापवले की ते लाकडासारखे घट्ट आणि काळे होते. स्वस्त माउथपीस प्लॅस्टिकचे असतात. सॅक्सोफोनसाठी काही धातूचेही मिळतात. आपला माउथपीस कशाचा आहे हे आधी ओळखावे. कारण सफाईची रीत त्यावर ठरते.

घाण कशी साचते?

फुंकरीबरोबर थुंकी आत जाते. थुंकीत चुन्याचा अंश असतो. दातांवर कीट चढते तशीच माउथपीसच्या टोकावर आणि आतल्या बाजूला पांढरी पुटे चढतात. वाजवण्याआधी गोड चहा घेतला, भजी खाल्ली, तर साखर आणि तेल आत जाते. तंबाखू किंवा पान तोंडात असताना वाजवले तर विचारूच नका. पुट चढले की फट अरुंद होते. पत्ती नीट बसत नाही. सूर चिरकतो. वाजवणारा म्हणतो, पत्ती खराब आहे. तो नवी पत्ती आणतो. तीही चिरकते. पैसे गेले, दोष तसाच राहिला.

पण नुसता सूर बिघडतो असे नाही. घाणीतून आजार होतो. आपल्या कोकणात पावसाळ्याची हवा कशी असते हे सांगायला नको. भिंतीला ओल येते, चपलांना बुरशी येते, पेटीतले कपडे कुबट होतात. आणि नेमके याच दिवसांत वाद्य पेटीत पडून असते. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्ने नाहीत. शेवटच्या लग्नात वाजवलेले वाद्य ओलेच पेटीत जाते. मग मध्येच गणपती येतात. वाद्य बाहेर निघते आणि तसेच तोंडाला लागते. 2020 साली टाळेबंदी झाली तेव्हा तर कित्येक वाद्ये महिनोन्‌महिने पेटीतून निघालीच नाहीत.

इंग्लंडात घडलेली एक गोष्ट सांगतो. तेथे एक गृहस्थ रोज बॅगपाइप वाजवीत असत. बॅगपाइप म्हणजे पिशवी लावलेली सनईच म्हणा. त्यांना कोरडा खोकला आणि धाप लागली. सात वर्षे औषधपाणी चालले. मध्यंतरी ते तीन महिने ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. वाद्य घरी राहिले होते. तेथे त्यांचा खोकला बराच कमी झाला. परत आले, वाजवू लागले, पुन्हा दुखणे उलटले. डॉक्टरांनी वाद्य तपासले तेव्हा आत अनेक जातींची बुरशी सापडली. तोवर फुप्फुसांची हानी होऊन गेली होती. 2014 साली वयाच्या 61 व्या वर्षी ते गृहस्थ वारले. 2016 साली डॉक्टरांनी ही हकीकत वैद्यकीय मासिकात छापली. असे दुखणे क्वचितच होते, म्हणून घाबरून जाऊ नये. पण शहाण्याने यातून बोध घ्यावा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोकल्याची कारणे पुष्कळ असतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. आणि डॉक्टरांना सांगावे की, आपण तोंडाने वाद्य वाजवतो. ते विचारतील याची वाट पाहू नये.

रोजची सफाई

वाजवून झाले की पुढील गोष्टी कराव्या. याला पाच मिनिटे पुरतात.

1. पत्ती सोडवावी. ती माउथपीसवर बांधलेली ठेवून पेटी बंद करू नये.

2. पत्ती बोटांनी हलकेच पुसावी आणि सपाट जागेवर वाळू द्यावी. काचेचा छोटा तुकडा पेटीत ठेवला तर फार चांगले.

3. माउथपीस मऊ सुती कापडाने आतून-बाहेरून पुसावा. कापड जोराने ओढू नये. रोज घासून टोकाची कड झिजते.

4. नळीतले पाणी कापडाने काढावे. मग पेटी काही वेळ उघडी ठेवावी.

वाजवण्याआधी चूळ भरावी. एवढ्या एका सवयीने निम्मी घाण टळते.

आठवड्याची सफाई

लग्नसराईत आठवड्यातून एकदा माउथपीस धुवावा. पाणी थंड किंवा किंचित कोमट घ्यावे. त्यात सौम्य साबण घालावा. बोटाने किंवा बाळाच्या मऊ ब्रशाने हळू चोळावे. स्वच्छ पाण्यात खळबळून पुसावे आणि सावलीत वाळवावे.

क्लॅरिनेटच्या माउथपीसला खालच्या बाजूस बुचाची पट्टी असते. ती भिजू देऊ नये. सॅक्सोफोनचे बूच वाद्याच्या मानेवर असते, म्हणून त्याच्या माउथपीसला ही अडचण नाही.

पांढरी पुटे साबणाने जात नाहीत. त्यासाठी एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी घ्यावे. त्यात कापसाचा बोळा भिजवून पुटांवर धरावा. पाच मिनिटांत पुट मऊ होते. मग मऊ कापडाने पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे. माउथपीस व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नये. एबोनाइटचा रंग जातो.

आता काय करू नये ते सांगतो.

उकळते पाणी घालू नये. कित्येकांना वाटते, उकळले की जंतू मरतील. जंतू मरतील, पण माउथपीसही मरेल. एबोनाइट गरम पाण्याने वाकते. पाट वाकडा झाला की पत्ती पुन्हा कधी नीट बसत नाही. शिवाय आतला गंधक वर येतो, वास सुटतो, चव कडू लागते.

उन्हात वाळवू नये. उन्हाने काळा माउथपीस हिरवट तपकिरी होतो. मोटारीच्या काचेजवळही ठेवू नये.

चाकूने, ब्लेडने किंवा खिळ्याने खरवडू नये. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. तसे घाईने केलेले खरवडणे महागात पडते. एक ओरखडा गेला की तो भरून येत नाही.

माउथपीस ज्याचा त्याचा

बॅण्डमध्ये वाद्य पुष्कळदा मालकाचे असते. आज एक जण वाजवतो, उद्या दुसरा. एकाची सर्दी, ताप, तोंडातले फोड दुसऱ्याला मिळतात. म्हणून आमचे सांगणे असे की, वाद्य मालकाचे असो, माउथपीस आपला असावा. तो खिशात मावतो. वाद्याच्या मानाने त्याची किंमत थोडी असते. कोणत्याही बॅण्डमध्ये काम मिळाले तरी आपला सूर आपल्या बरोबर येतो. कारागिराचे हत्यार त्याचे स्वतःचे असावे, तसेच हे आहे.

निवड कशी करावी?

माउथपीसवर अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. आपण वाचायला शिकलो आहोत. तेव्हा दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता हे आकडे पाहावे.

यामाहा कंपनीच्या एका माउथपीसवर 4सी असे लिहिलेले असते. क्लॅरिनेटच्या 4सी माउथपीसची फट 1.05 मिलिमीटर आहे. वँडोरेन ही पॅरिसची कंपनी 1905 साली निघाली. तिच्या बी45 या क्लॅरिनेट माउथपीसची फट 1.195 मिलिमीटर आहे. दोहोंत फरक किती? 1.195 मधून 1.05 वजा करा. उत्तर येते 0.145. वहीचे एक पान साधारण 0.1 मिलिमीटर जाड असते. म्हणजे हा फरक दीड पानाएवढा झाला. एवढासा फरक, पण फुंकरीला तो लगेच कळतो.

आता एक नियम पाठ करा. फट मोठी, तर पत्ती मऊ. फट लहान, तर पत्ती कडक. पत्तीवरही आकडे असतात. 1½, 2, 2½, 3 असे ते चढत जातात. आकडा जितका मोठा तितकी पत्ती कडक. नव्याने शिकणाऱ्याने लहान किंवा मध्यम फटीचा माउथपीस घ्यावा आणि 2 किंवा 2½ नंबरची पत्ती लावावी. वरातीत तास तास चालत वाजवणाऱ्यानेही फार मोठ्या फटीच्या नादी लागू नये. आवाज मोठा निघतो, पण दम लवकर जातो आणि ओठ सुजतात.

एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही. यामाहाचाच आल्टो सॅक्सोफोनचा 4सी घ्या. त्याची फट 1.60 मिलिमीटर आहे. आकडा तोच, पण वाद्य निराळे, म्हणून फट निराळी. सॅक्सोफोनचेही आल्टो, टेनर असे प्रकार आहेत. एकाचा माउथपीस दुसऱ्याला चालत नाही. आपले वाद्य बरोबर नेऊनच खरेदी करावी.

जुना माउथपीस पारखणे

मुंबईच्या बाजारात जुने माउथपीस मिळतात. जुने सगळेच वाईट नसते. पण पारखून घ्यावे. समजा, एक तरुण आपल्या काकांबरोबर बाजारात गेला आहे.

"काका, हा बघा. अगदी चकचकीत आहे. घेऊ का?"

"थांब रे. चकचकीत आहे म्हणूनच मला शंका येते. कोणी पॉलिश मारताना कडा घासल्या तर नाहीत ना? आधी टोक बघ."

"टोकाला बारीक खपली उडालीय."

"मग ठेव खाली. बाहेरून दातांचे वळ असले तरी चालतील. टोकाला आणि दोन्ही कडांना खपली चालणार नाही. तेथूनच वारा निसटतो."

"आणि हा दुसरा?"

"हा काचेवर ठेव. पाट खाली कर. डुलतो का?"

"नाही डुलत. घट्ट बसलाय."

"आता टोकाकडून कागदाची पट्टी आत सरकव. कुठे अडते बघ. डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला सारख्याच ठिकाणी अडली पाहिजे."

"सारखीच अडतेय, काका."

"मग आपली पत्ती लाव. मागचं भोक तळहातानं बंद कर. पुढून हवा ओढून घे आणि तोंडातून काढ."

तरुणाने तसे केले. पत्ती क्षणभर चिकटून राहिली आणि मग टप्पकन सुटली.

"हां, हा घे. पत्ती दम धरते म्हणजे कडा सरळ आहेत. आता भावाचं बोलू."

या चार परीक्षांना एक पैसा लागत नाही. काच, कागद, पत्ती आणि तळहात एवढे पुरते. मात्र दुसऱ्याचा माउथपीस तोंडात घेण्यापूर्वी तो साबणाने धुऊन घ्यावा, हे सांगायला नकोच.

दुकानात फार महाग माउथपीसही असतात. वाद्य गळके, गाद्या फाटलेल्या, आणि माउथपीस मात्र परदेशी! हे नाकापेक्षा मोती जड झाले. आधी वाद्याच्या गाद्या दुरुस्त कराव्या. उरलेल्या पैशात बेताचा माउथपीस घ्यावा.

घरी होणारी दुरुस्ती

क्लॅरिनेटचे बूच सुटले तर घरी बसवता येते. बूच म्हणजे पोर्तुगालसारख्या देशांत होणाऱ्या ओकच्या जातीच्या झाडाची साल. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची बुचाची पट्टी आणावी. जुने बूच आणि जुना गोंद लाकडी काडीने काढून टाकावा. पट्टीचे एक टोक तिरपे घासून पातळ करावे. चामड्याला लावतात तो चिकट गोंद पट्टीला आणि खोबणीला, दोन्हीकडे लावावा. तो थोडा सुकू द्यावा. मग पट्टी ताणून गुंडाळावी. दुसरे टोक पातळ टोकावर चढवून दाबावे. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासत घासत मापाला आणावे. शेवटी बुचाचे ग्रीस बोटभर लावावे. वरात दारात उभी आहे आणि बूच सुटले, तर मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळून वेळ मारून न्यावी. दुसऱ्या दिवशी बूच बसवावे.

दातांचे वळ पडले असतील तर वर रबराची पातळ चिकटपट्टी लावावी. दातही बचावतात, माउथपीसही बचावतो. हिरवट झालेला माउथपीस फक्त बाहेरून मऊ कापडाने पुसून घ्यावा. रंग पूर्वीसारखा झाला नाही तरी चालेल. सूर रंगावर अवलंबून नाही.

पाट वाकला, कड झिजली, टोक मोडले, तर मात्र हे काम जाणत्या कारागिराचे आहे. तो काचेवर पॉलिश पेपर पाण्याने ओला करून ठेवतो आणि माउथपीस अगदी हलक्या हाताने घासतो. मध्ये मध्ये मापे घेतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. आपण घरी दोन हात जास्त मारले तर फट बदलते आणि ती परत आणता येत नाही. म्हणून घासणे घरी करू नये.

पावसाळ्यापूर्वीचे काम

ज्येष्ठातले शेवटचे लग्न झाले की एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा. माउथपीस धुवावा. वाद्य पुसावे. पेटीतले कापड झटकून उन्हात ठेवावे. वाद्य मात्र सावलीत. जुन्या, काळ्या पडलेल्या पत्त्या टाकून द्याव्या. त्या जपून काही फायदा नाही. पावसात पंधरा दिवसांतून एकदा पेटी उघडून पाहावी. उघडीप असेल तेव्हा वाऱ्यावर ठेवावी. कुबट वास आला तर न धुता वाद्य तोंडाला लावू नये.

वाजवणारा आपल्या दमावर जगतो. दम म्हणजे त्याची शेती, दम म्हणजे त्याचे भांडवल. ज्या वाटेने तो दम बाहेर जातो, ती वाट स्वच्छ असावी. पाच मिनिटांची सफाई आणि चार आकडे वाचता येणे, एवढ्यावर हे भांडवल पुष्कळ वर्षे टिकते.

प्रश्न

1. माउथपीस उकळत्या पाण्यात का घालू नये?

2. एका माउथपीसची फट 1.05 मिलिमीटर आहे, दुसऱ्याची 1.195 मिलिमीटर आहे. यांपैकी कोणत्याला जास्त मऊ पत्ती लावाल?

3. जुना माउथपीस पारखण्याच्या चार परीक्षा सांगा.

4. तुमच्या गावातल्या वाजवणाऱ्याकडे जा. त्याच्या माउथपीसवरची अक्षरे आणि आकडे वाचा आणि वहीत लिहून आणा. हा धडा त्याला वाचून दाखवा.